हाताने घडवलेले सिरॅमिकचे भांडे: उपयोग आणि सौंदर्य यांचा मेळ कसा घालावा

सिरॅमिकचे काम नव्याने शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांची सुरुवात दोहोंपैकी एका टोकाकडून होते. काही जण डोळ्यांपुढे एखादा सुंदर आकार धरून चाकावर बसतात आणि भांडे तयार झाल्यावर ते कशासाठी वापरायचे याचा विचार करू लागतात. तर काही जण भांडे उभे राहिले आणि गळले नाही एवढ्यावर समाधान मानून रंग, नक्षी वगैरे गोष्टी अगदी शेवटावर ढकलतात. दोन्ही वाटांनी जे हाती येते त्यात काहीतरी उपरे राहते, कारण भांड्याचा उपयोग आणि त्याचे रूप हे स्वतंत्रपणे घेता येण्यासारखे निर्णय नाहीत. काठाची जाडी, कानाचा बाक, बुडाची रुंदी, आतल्या पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा अशा मोजक्या जागी ते दोन्ही एकदमच ठरून जातात. या जागा ओळखायच्या, तिथे उपयोगाची अट नेमकी काय आहे ते समजून घ्यायचे आणि त्या अटीने जी मोकळीक शिल्लक ठेवली असेल ती पुरेपूर वापरायची, अशी ही पद्धत आहे. उदाहरण म्हणून काठोकाठ ३०० मिलिलिटर मावेल असा, कान असलेला मग घेतला आहे. वाडगा किंवा टीपॉट यांची अट जिथे वेगळी पडते तिथे ती स्वतंत्रपणे सांगितली आहे.

पहिली पायरी: उपयोग एका वाक्यात लिहून काढावा

मातीला हात लावण्याआधी हे भांडे कोण, कशासाठी, किती भरून आणि कसे धरून वापरणार आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहावे. नुसते ‘मग’ एवढे लिहून भागत नाही. ‘गरम पेयासाठी, २५० मिलिलिटर भरायचा, एका हाताने धरायचा आणि रोज धुतला जाणारा मग’ असे लिहिले की अर्धे निर्णय तिथेच होतात. पेय गरम असल्याने कान हवा. २५० मिलिलिटर न सांडता उचलता यावे म्हणून काठाशी थोडी जागा रिकामी राहायला हवी, म्हणजे एकूण माप ३०० मिलिलिटरच्या आसपास जाते. रोज धुवायचा असल्याने आत हात जाईल एवढे तोंड हवे आणि आतल्या बाजूला घाण अडकेल अशा खोल रेघा नकोत. तोंड फार पसरट केले तर पेय लवकर निवते आणि फार आवळले तर धुणे अवघड होते, त्यामुळे तोंडाच्या रुंदीला दोन्ही बाजूंनी मर्यादा पडते. पण त्या दोन मर्यादांच्या मध्ये आकाराचे कितीतरी पर्याय उरतात आणि चित्र काढून पाहायचे ते त्याच पर्यायांचे.

दुसरी पायरी: माती निवडावी आणि आकसण्याचा हिशेब करावा

माती वाळताना आणि पुन्हा भाजताना आकसते. हे प्रमाण मातीनुसार बदलते. स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या, बऱ्याच मातींमध्ये ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत लांबी १० ते १३ टक्क्यांनी कमी होते. आपल्या मातीचा आकडा आपणच काढून घ्यावा. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी, ती पट्टी शेवटच्या तापमानापर्यंत भाजून घ्यावी आणि रेघ पुन्हा मोजावी. ती ८.८ सेंटिमीटर भरली तर आकसण्याचे प्रमाण १२ टक्के झाले. मग १० सेंटिमीटर उंचीचा मग हवा असेल तर ओला मग १० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ११.४ सेंटिमीटर उंच करावा लागतो. आकारमानात हा फरक फारच मोठा पडतो, कारण उंची आणि रुंदी दोन्ही दिशांनी भांडे लहान होत असते. भाजल्यावर ३०० मिलिलिटर हवे असेल तर ओल्या मगात सुमारे ४४० मिलिलिटर मावायला हवेत. नवशिक्यांचे मग भट्टीतून बाहेर आल्यावर खेळण्यातल्यासारखे लहान दिसतात ते हा हिशेब न केल्यामुळेच.

मातीची निवड करताना रंगाआधी तिची घनता पाहावी. अर्दनवेअरची माती कमी तापमानाला भाजतात आणि भाजल्यावरही ती सच्छिद्र राहते, त्यामुळे पाणी धरण्याचे सगळे काम तिच्यावरच्या काचेच्या थराला, म्हणजे ग्लेझला, करावे लागते. स्टोनवेअर आणि पोर्सेलिन जास्त तापमानाला जवळपास घट्ट होतात. हे तपासण्याची रीत सोपी आहे: ग्लेझ न लावलेला पण पूर्ण भाजलेला तुकडा कोरडा असताना वजन करावा, दोन-तीन तास पाण्यात उकळून रात्रभर त्याच पाण्यात राहू द्यावा, वरवर पुसून पुन्हा वजन करावे. १०० ग्रॅमचा तुकडा १०१ ग्रॅम झाला तर त्याने एक टक्का पाणी शोषले. रोजच्या वापराच्या भांड्यासाठी हा आकडा दीड-दोन टक्क्यांच्या वर जाऊ नये असे धोरण मी सुचवीन. लालसर, दाणेदार माती दिसायला कितीही मोहक असली तरी ती या चाचणीत बसत नसेल तर तिचा फुलपात्र किंवा शिल्प करण्यासाठी उपयोग करावा.

तिसरी पायरी: आकार घडवताना आतली रेषा आधी पाहावी

मगासाठी सुमारे ४५० ग्रॅम माती पुरते. कानासाठी थोडी वेगळी ठेवावी. माती चाकाच्या मध्यावर आणून उघडल्यावर तळ बोटांनी किंवा लाकडी पट्टीने बाहेरून आत, आतून बाहेर असा नीट दाबून घ्यावा. हा दाब दिला नाही तर वाळताना तळाला इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराची चीर पडण्याचा संभव असतो. भिंत वर घेताना ती ओली असेपर्यंत चार मिलिमीटरच्या आसपास आणि शक्य तितकी एकसारखी ठेवावी. फार जाड भिंतीचा मग रिकामा असतानाच हाताला जड लागतो आणि फार पातळ भिंत बोटांना चटका देते, शिवाय भाजताना वाकते. कानासह तयार मग ३०० ते ३५० ग्रॅमच्या दरम्यान भरला तर तो हाताला साधारणपणे योग्य वाटतो. भरल्यावर त्यात पाव किलो पेयाची भर पडणार आहे हे लक्षात ठेवावे.

आकाराकडे पाहण्याची सवय आपल्याला बाहेरून असते, पण भांड्याचे काम आतल्या बाजूला चालते. म्हणून बाहेरची रेषा सुधारण्याआधी आतली रेषा तपासावी. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोन राहिला तर द्रव तिथे साचतो आणि धुताना स्पंज तिथे पोहोचत नाही. तोच भाग हलका गोलावून घेतला तर स्वच्छता साधते आणि आत डोकावल्यावर नजरही न अडखळता तळापर्यंत उतरते. वाडग्यात हे जास्तच महत्त्वाचे असते. चमचा काठापासून तळाच्या मध्यापर्यंत कुठेही न ठेचकाळता सरकला पाहिजे, आणि असा वाडगा बहुधा सुंदरच दिसतो.

चौथी पायरी: काठ

संपूर्ण मगात ओठांना स्पर्श होतो तो फक्त काठाचा. तो पातळ हवा, म्हणजे पेय नेमके ओठांवर येते; पण धारदार नको, कारण धारदार काठावरून ग्लेझ भाजताना मागे सरकते, तिथला थर विरळ होतो आणि वापरात त्याचे टवके निघतात. चाक हळू फिरत असताना मऊ चामड्याची ओली पट्टी दुमडून काठावर अलगद धरली की काठ दाबलाही जातो आणि गोलही होतो. पट्टी धरण्याआधी आणि नंतर बोट फिरवून पाहावे. दाणे निघून गेल्याचा फरक तत्काळ कळतो. काठाला किंचित बाहेर कल दिला तर पिणे सोपे जाते. कल जास्त झाला की पेय दोन्ही बाजूंनी ओघळते. काठाची जाडी सगळीकडे एकसारखी राखणे ही नवशिक्यासाठी सर्वात फळ देणारी मेहनत आहे, कारण भांडे दुरून पाहणाऱ्याची नजर आधी काठाच्याच रेषेवर जाते.

पाचवी पायरी: कान

कान ही मगातील सर्वात अवघड जागा आहे आणि इथे घाई केलेली लगेच दिसून येते. मळलेल्या मातीचा गाजराच्या आकाराचा गोळा एका हातात उभा धरून, दुसऱ्या ओल्या हाताने वरून खाली हळूहळू ओढत पट्टी काढावी. तिचा छेद चपट्या लंबगोलासारखा असावा आणि जाडी वरून खाली कमी होत जावी. कडा टोचणार नाहीत याची काळजी घ्यावी. मधोमध अंगठ्याने हलकी खाच दिली तर पकडही चांगली बसते आणि पुढे त्या खाचेत ग्लेझ साचून रंगाची गडद रेघ उमटते.

मगाचे अंग चामड्याइतके ताठर झाले, म्हणजे दाबल्यावर आकार बदलत नाही पण नखाने ओरखडा उठतो, अशा अवस्थेत आले की कान जोडावा. अंग वाळलेले आणि कान ओला असेल तर दोघांचे आकसणे वेगवेगळे होऊन सांध्याला चीर जाते. जोडाच्या दोन्ही जागा सुईने आडव्या-उभ्या ओरबाडून त्यावर त्याच मातीचा पाण्यात कालवलेला दाट गाळ लावावा, आतून बोटाचा आधार देऊन कान दाबावा आणि सांध्याच्या कोपऱ्यात मातीची बारीक वळी भरून ती बोटाने मिटवावी. कोपऱ्यातली टोकदार फट हीच पुढे तडा जाण्याची जागा असते. वळी भरल्याने ती बंद होते आणि कान चिकटवल्यासारखा न दिसता अंगातूनच फुटल्यासारखा दिसतो.

आता जागा कुठली निवडावी याविषयी. वरचा सांधा काठाच्या थोडा खाली घ्यावा. कान फार खाली लागला तर भरलेला मग उचलताना पुढे कलतो आणि मनगटावर ताण येतो. कान अंगापासून फार लांब गेला तरी तेच होते. दोन किंवा तीन बोटे आरामात जातील एवढी फट ठेवावी, आणि ही फटही आकसणार आहे हे विसरू नये: भाजल्यावर तीन सेंटिमीटर हवी असेल तर ओली असताना सुमारे ३.४ सेंटिमीटर ठेवावी लागते. मागच्या बोटांची पेरे गरम भिंतीला टेकता कामा नयेत. एवढे जमल्यावर मग डोळ्यांच्या रेषेत आणून बाजूने पाहावा आणि कानाकडे न पाहता कान आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीकडे पाहावे. त्या पोकळीचा आकार नीटस, ताणलेला दिसत असेल तर कान बहुतेक वेळा योग्यच असतो. ती पोकळी ढिली, लोंबलेली दिसली तर कान अजून मऊ आहे तोवरच वळण बदलावे. कान जोडलेला मग प्लास्टिकखाली किमान एक रात्र ठेवावा, म्हणजे जाड अंगातला आणि पातळ कानातला ओलावा सारखा होतो. नंतरही झाकण सैल करत सावकाश वाळवावा.

सहावी पायरी: बुड

बुड फार अरुंद असेल तर भांडे डळमळते आणि फार रुंद असेल तर जमिनीला चिकटून बसल्यासारखे दिसते. वाडग्यासाठी तोंडाच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते निम्मे एवढे बुड हा सुरुवातीला विश्वास ठेवण्यासारखा अंदाज आहे. ताठर अवस्थेत भांडे उलटे करून तासताना बुडाच्या बाहेरच्या कडेला तिरका छेद द्यावा. या एका छेदाने भांड्याखाली सावलीची रेघ पडून ते किंचित उचलल्यासारखे, हलके दिसते. ग्लेझ थांबवण्याची नेमकी हद्द मिळते. आणि ओघळलेल्या ग्लेझला भट्टीच्या फळीपर्यंत पोहोचण्याआधी अडायला जागा मिळते. उपयोग आणि रूप एकाच कृतीत साधल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. बुडाखाली टेकण्यासाठी गोल कडे ठेवले असेल तर त्याला एक छोटी खाच द्यावी, म्हणजे भांडे धुऊन उलटे ठेवल्यावर कड्यात पाणी तुंबत नाही. भाजून झाल्यावर बुडाची उघडी माती ओल्या पॉलिश पेपरने घासावी. खरखरीत बुड टेबलावर ओरखडे पाडते.

सातवी पायरी: पृष्ठभाग आणि ग्लेझ

इथे मगाचे दोन प्रदेश मानावेत. आतली बाजू आणि काठाखालचा दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा हा उपयोगाचा प्रदेश. तिथे पूर्ण वितळलेले, गुळगुळीत, शक्यतो फिकट किंवा पारदर्शक ग्लेझ वापरावे. बाहेरचा बाकीचा भाग मोकळा आहे: तिथे माती उघडी ठेवता येते, रंगीत गाळ चढवून ती खरवडत रेषा काढता येतात, मॅट ग्लेझ देता येते. खडबडीत मॅट पृष्ठभाग आतून दिल्यास त्यावर चमच्याच्या करड्या रेघा उमटतात आणि डाग धरतात, म्हणून तो मोह बाहेरच पुरा करावा. नक्षी काढण्यापूर्वी मग हातात धरून पाहावा. कान धरला की कानाजवळची बाजू हाताआड जाते आणि समोरची बाजू समोरच्या माणसाला दिसते. कोणती बाजू कोणासाठी आहे हे ठरवून मग रेघ ओढावी.

अनेक ग्लेझ उंचवट्यावर विरळ आणि खाचेत दाट होऊन रंग बदलतात. लोहयुक्त ग्लेझ कडेवर तांबूस होऊन आत काळपट राहताना सहज दिसते. त्यामुळे चाकाच्या वळ्या, कानाची खाच, बुडाचा छेद या कामासाठी केलेल्या जागाच आपोआप उठून दिसतात. असे ग्लेझ निवडले तर वेगळी नक्षी लागेलच असे नाही. नवशिक्याने एकाच मगावर चार ग्लेझ ओतण्यापेक्षा एका ग्लेझची जाडी ओळखायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरक्षिततेबाबत तडजोड करू नये. शिसे आणि कॅडमियम असलेले ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी टाळावेत. तांबे किंवा मँगनीज जास्त असलेल्या, नीट न वितळलेल्या ग्लेझमधूनही आम्ल पदार्थात धातू उतरू शकतात. डब्यावर ‘अन्नासाठी सुरक्षित’ असे लिहिलेले असले तरी ते सांगितलेल्या तापमानाला आणि दुसरे काही न मिसळता भाजल्यासच खरे ठरते. घरच्या घरी लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवून पाहता येते. सकाळी रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ते ग्लेझ बाद समजावे. काही बदल दिसला नाही म्हणून ते सुरक्षित सिद्ध होत नाही. भांडी दुसऱ्यांना द्यायची असतील तर प्रयोगशाळेची तपासणी करून घ्यावी.

ग्लेझमध्ये केसासारख्या बारीक चिरांची जाळी पडते, तेव्हा थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलेले असते. ही जाळी डोळ्यांना फार देखणी वाटते आणि फुलपात्रावर ती मुद्दाम आणतातही. मगाच्या आत मात्र तिला जागा देऊ नये: तिने भांडे कमकुवत होते, आणि माती सच्छिद्र असेल तर द्रव आत झिरपून डाग व वास धरतो.

आठवी पायरी: भाजणी

ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला, म्हणजे माती टणक होऊनही ग्लेझ शोषू शकते; ग्लेझ लावून शेवटची भाजणी त्यानंतर होते. सुरुवातीला तापमान १०० अंशांच्या खाली बराच वेळ रोखून धरावे, नाहीतर राहिलेल्या ओलाव्याची वाफ भांडे फोडते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्‌झचे आकारमान एकदम बदलते, म्हणून त्या टप्प्यावर चढताना आणि उतरताना घाई करू नये. तापमापक एकट्यावर विसंबू नये. भट्टीत पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा शंकू, ठेवावा, कारण तो तापमानाबरोबर वेळेचाही परिणाम दाखवतो. कोनांच्या क्रमांकात शून्याला फार अर्थ आहे: ०६ क्रमांकाचा कोन १००० अंशांच्या जवळपास वाकतो, तर ६ क्रमांकाचा सुमारे १२२० ते १२४० अंशांना. हा फरक चुकला तर कमी तापमानाची माती फळीवर वितळून बसते.

टीपॉटकडे वळताना

मग हाताला बसला की पुष्कळांना टीपॉट करावासा वाटतो. तिथे चार अटी पाळाव्याच लागतात. तोटीचे टोक भांड्याच्या काठाच्या पातळीवर किंवा त्याहून वर हवे, नाहीतर पूर्ण भरण्याआधीच तोटीतून पेय वाहू लागते. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक हवे. तोटीच्या मुळाशी असलेल्या गाळणीच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ तोटीच्या तोंडापेक्षा जास्त हवे: तोटीचे तोंड १० मिलिमीटर व्यासाचे असेल तर चार मिलिमीटरची सात भोके हिशेबाने पुरतात, पण ग्लेझने ती बारीक होतात म्हणून दहा-बारा पाडावीत. आणि तोटीची खालची कड काठासारखी गोल न करता नेटकी, टोकदार ठेवावी, म्हणजे ओतणे थांबवल्यावर थेंब मागे ओघळत नाही. चाकावर केलेली तोटी भाजताना किंचित फिरते, त्यामुळे तिचे टोक उलट दिशेला जरा तिरपे कापतात. झाकण आणि भांडे एकाच मातीचे, एकाच दिवशी केलेले आणि एकत्र भाजलेले असावे. या अटींत सौंदर्य गुदमरत नाही याचा पुरावा हवा असेल तर बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या डॉर्नबुर्ग येथील कार्यशाळेत टेओडोर बोगलर यांनी १९२३ च्या सुमारास केलेले टीपॉट पाहावेत. ठरावीक सुटे भाग वेगवेगळ्या रीतीने जोडून त्यांनी एकाच अंगाची निरनिराळी रूपे काढली होती.

नववी पायरी: वापरून पाहावे, मग पुन्हा करावे

भट्टीतून निघालेला मग फळीवर मांडून ठेवू नये. तो भरावा, उचलावा, प्यावा, धुवावा, उलटा ठेवावा आणि दोन आठवडे रोज वापरावा. बोट कुठे अडकते, पेय कुठे ओघळते, धुताना कुठे पाणी राहते, आणि मुख्य म्हणजे कपाटात दहा मग असताना हात आपोआप याच्याकडे जातो का, हे टिपून ठेवावे. नुसते पाहण्यासाठी केलेल्या कलाकृतीलाही ही परीक्षा चुकत नाही. फुलपात्र पाण्याने भरून त्यात उंच फांदी ठेवल्यावर ते उभे राहते की कलंडते, हे पाहावेच लागते. तिथे उपयोगाच्या अटी थोड्या असतात, म्हणून आकाराशी अधिक धाडस करता येते.

यानंतर तोच मग सलग सहा वेळा, एकाच वजनाच्या गोळ्यांतून करावा आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी: एकदा काठाचा कल, एकदा कानाची उंची, एकदा बुडाचा छेद. बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या कुंभारांनी १९२० मध्ये इंग्लंडमधील सेंट आयव्ह्‌ज येथे सुरू केलेल्या पॉटरीत पुढे रोजच्या वापराची भांडी अशीच ठरलेल्या मापाची, पुन:पुन्हा केली जात असत, आणि तिथे शिकणाऱ्यांचा हात त्या पुनरावृत्तीवरच तयार झाला. प्रत्येक मगाच्या बुडावर ओल्या मातीतच क्रमांक कोरावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे मातीचे वजन, ओली मापे, ग्लेझ, कोन आणि वापराचा अनुभव लिहावा. सहाही मग शेजारी ठेवून आधी डोळ्यांनी आणि मग डोळे मिटून हातांनी निवड करावी. दोन्ही निवडी एकाच क्रमांकावर आल्या तर ती मापे पुढच्या भट्टीसाठी कायम करावीत, आणि वेगळ्या आल्या तर त्या दोन मगांमधला बदललेला भाग कोणता हे वहीत पाहून पुढचा गोळा तिथूनच सुरू करावा.